रजाई मॅडम

"पंखा बंद करू का हो ताई?" असं ती विचारायची आणि उत्तर यायच्या आत बटण दाबून मोकळी व्हायची. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. स्टाफरूममध्ये आम्ही घामानं निथळतोय आणि ही गणिताची बाई कोपऱ्यात शाल गुंडाळून बसलीय. तिचं नाव पडलं 'रजाई मॅडम'. ते पोरींनी नव्हे, शिक्षिकांनीच पाडलं.

आम्ही दोघी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकाच गल्लीत राहायचो, म्हणून शाळेला जायचा सवारी टेम्पोही एकच. बसली की तिची मान कलायची. मी कोपर मारलं की म्हणायची, "झोपले नाहीये हो, डोळे नुसते मिटलेत." चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. लग्न होऊन आली तेव्हा शाळेचा जिना पळत चढायची. आता मधेच थांबून भिंतीवरची सूचना वाचल्याचं नाटक करायची. मुख्याध्यापिका भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "मैडम, खाना कम कीजिए, काम ज्यादा." सगळ्या हसल्या. तीही हसली. सगळं हसण्यावारी न्यायची तिला फार वाईट खोड होती.

शेवटी कंपू भागातल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉइड. "शरीर की फौज अपने ही गले की ग्रंथि को दुश्मन समझ बैठी है. फौज को समझा नहीं सकते. जो कम पड़ रहा है वो गोली से देंगे. रोज, खाली पेट, उम्रभर."

मला हे टेम्पोत सांगताना बाई चक्क खुशीत! "आमच्या सासरचे सगळे संस्थानच्या फौजेतले ना ताई. घरच्यांवरच तोफा डागायची सवय जुनी." आपण आळशी नाही, आजारी आहोत, एवढं कुणीतरी मान्य केलं होतं. आणि डॉक्टर म्हणाले होते, थायरॉइड ताब्यात आला की मूलही होईल. ती गोष्ट मात्र ती कधीच हसण्यावारी नेत नसे.

गोळीचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. "गोळी गरम पडते गं, नुसती नको घेऊ." हळद घातलेलं दूध आणायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या. ही भीत भीत म्हणाली, "आई, डॉक्टर खाली पेट म्हणालेत." त्यावर उत्तर तयार होतं, "दूध का खाणं असतं? उपासाला चालतं की!" आमच्या मराठी घरांत यापुढे कोण काय बोलणार? शिवाय या बाईंनी सुनेला तोवर साधं पाणीही विचारलं नव्हतं. ती लाजून मला सांगायची, "आई आता माझं करतात हो."

शाल काही उतरली नाही. गोळीची ताकद वाढली, रिपोर्ट तसाच. दिवस राहिले आणि गर्भ पडला. पुन्हा राहिले, पुन्हा पडला. नवऱ्यानं विचारलं, "गोळ्या फेकून तर देत नाहीस?"

मग सासूबाई तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वैतागलेले. "गोली किससे लेती हो? दूध से तो नहीं? दूध गोली का असर खा जाता है." तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराचा काठ नीट करत होत्या.

"पानी से," ती म्हणाली.

"तो फिर लेती ही नहीं हो. झूठ मत बोलो."

सासूबाई पिशवी उचलून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मी भडकले. "तुझं तोंड काय शिवलं होतं?" ती म्हणाली, "दोन्ही वेळा मूल त्यांच्या पेल्यानं गेलं, हे त्यांच्यासमोर कसं म्हणू ताई? त्यांनी ऐकलंय ना. आता त्या सांगतील घरी."

त्यांनी सांगितलं. घरात सांगितलं, गल्लीत सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं, "डॉक्टरच म्हणाले, गोळ्या घेतच नव्हती. माझी नातवंडं खाल्ली हिनं." दुधाचा पेला बंद झाला. ती पाण्याबरोबर गोळी घेऊ लागली आणि हळूहळू शाल उतरली. जिना एका दमात चढली त्याच आठवड्यात नवरा तिला इंदूरला माहेरी सोडून आला. खोटारडी बायको नको म्हणाला. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

परवा नवरात्राचा प्रसाद द्यायला सकाळीच त्यांच्याकडे गेले. आता सासूबाईंनाही थायरॉइड निघालाय. मुलगा, म्हणजे तिचा नवराच, एका हातात गोळी आणि एका हातात दूध घेऊन आला. त्यांनी पेला बाजूला सारला.

"दुधाबरोबर नाही रे! गोळी फुकट जाते. पाणी आण."

तो पेला धरून उभाच राहिला. "आई, हे तुला कुणी सांगितलं? कधी?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. झोपल्या नव्हत्या.