नळी तोंडात धरलेला ड्रायव्हर

आमच्या शेजारचा तो ड्रायव्हर जेवतानाही बडबडायचा; गाडीला ‘बाई’ म्हणायचा. माझ्या लग्नाला बैहरकडे, नवरीच्या गावी निघालो आणि त्याची फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप नाल्यात रुतली. पुढच्या चाकांना जोर पोचवणारं लॉक इंजिनाच्या हवेच्या ओढीनं लागायचं, आणि नेमकी तीच रबरी नळी फाटलेली.

"आता?" मी विचारलं. गाडी चालवता येणारा दुसरा मीच होतो.

"नवरदेव, तुमी चालवा. हवा मी ओढतो!"

बॉनेट काढून तो मडगार्डावर बसला, नळीचं धड टोक तोंडात धरून त्यानं गाल आत ओढले. खट् वाजलं, लॉक लागलं. बाशिंग सांभाळत मी गिअर टाकला.

"चालून राह्यली!" वऱ्हाडी ओरडले.

चिखल संपला, तरी त्यानं नळी सोडली नाही. तसेच आम्ही मांडवात शिरलो, आणि अंतरपाट धरायच्या आधीच नवरी खदखदून हसली.