कॅमेरा घेऊन गेलेला मुराळी

नाशकातल्या अंबडच्या घरातून सकाळी सहाला निघालो, तेव्हा आईनं मला दारातच अडवलं. "आणशील ना रे तिला?" मी म्हटलं, "बघतो." तर म्हणाली, "बघू नकोस. आण." अकरा वर्षांत इंदूताईबद्दल ती इतकं सरळ कधी बोलली नव्हती. वडील असेपर्यंत आमच्या घरात ताईचं नाव काढायची सोय नव्हती. ते गेल्या वर्षी गेले आणि आईला वाचा फुटली.

आधी थोडं सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोळ नको. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो. दुसरा कोणी कॅमेरा रोखतो, तेव्हा कानाला हेडफोन लावून माइक सांभाळत उभा असतो तो मी. पोटापाण्याला पुणं, घर नाशकात, मूळ गाव सटाण्याकडं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मीनल नावाची एक दिग्दर्शिका कळवणच्या पलीकडच्या एका बाबावर माहितीपट करत होती. लोक त्याला अप्पा म्हणत. पाणी मंतरून, हात फिरवून दुखणी बरी करतो अशी त्याची कीर्ती, आणि एकाच घरात तीन बायकांबरोबर राजरोस राहतो अशी अपकीर्ती. पेपरात दोन्ही छापून आलं होतं. त्या तिघींतली धाकटी माझी सख्खी मोठी बहीण, हे मी मीनलला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एक तर तिनं मला गाडीतून उतरवलं असतं, नाहीतर कॅमेऱ्यापुढं बसवलं असतं.

द्वारकेच्या चौकात नेहमीचा गोंधळ होता. आमची सुमो ट्रकांच्या मधून वाट काढेना, म्हणून कडेला थांबून मिसळ खाल्ली. काळा रस्सा, वर तर्री, पुण्यात याला कोणी हात लावणार नाही. हॉटेलवाल्यानं कॅमेऱ्याची पेटी पाहून विचारलं, "कुठं निघाली स्वारी?"

"कळवणच्या पुढं. अप्पांकडं."

"काय दुखतं का?"

"नाही बुवा."

"मग कशाला जाता? तिथं जाऊन दुखायला लागंल," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला. मीनलही हसली. मी मात्र अर्धा पाव ताटात ठेवून उठलो.

दिंडोरी सोडली की रस्ता मोकळा होतो. एप्रिल होता. द्राक्षबागांची छाटणी होऊन नुसते खुंट आणि तारा उरल्या होत्या. वणीच्या पुढं सप्तशृंगीचा डोंगर जवळ आला आणि नेमकी तिथंच आमची गाडी तापली. ड्रायव्हर रफिकभाई बॉनेट उघडून पुटपुटत राहिले आणि आम्ही आंब्याच्या सावलीत अर्धा तास बसलो. मला त्र्याण्णव सालची एसटी आठवली. याच रस्त्यानं वडील ताईला घेऊन अप्पांकडं गेले होते. ताईला फिट यायची. दोन स्थळं मोडली होती. कोणीतरी सांगितलं, कळवणच्या पलीकडं एक बाबा आहे, पंधरा दिवस ठेवून घेतो आणि बरं करून धाडतो. पंधरा दिवसांनी वडील आणायला गेले, तर ताईनंच "मी येत नाही" म्हणून सांगितलं. वडील घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "इंदू मेली समजा." मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, चांगला मिळवता पुरुष. मी काय केलं? काही नाही. गप्प बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

कळवणला आम्ही सुमनबाईंना भेटलो. बाजारात भाजी विकणारी, पन्नाशीची बाई. मीनलनं कॅमेरा लावला आणि बाई न अडखळता बोलली. "आमच्या मालकाला टीबी व्हता. दवाखान्याच्या गोळ्या चालू व्हत्या. अप्पाचं पाणी प्यायला लागलं, जरा बरं वाटलं, अन् गोळ्या सोडल्या. सहा महिन्यांत गेलं माणूस. मला काय नको ताई त्याच्याकडून. एवढंच इचारा, गोळ्या सोडल्याचं म्हाईत व्हतं, तर घे म्हणून का नाय सांगितलं?"

हेडफोनमध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अशा माणसाच्या घरात आपली बहीण भाकरी थापते! आज तिला गाडीत घालून न्यायचीच, असं ठरवून मी पुढच्या सीटवर बसलो.

अभोण्याच्या पुढं डांबर संपलं आणि मुरूम सुरू झाला. डोंगराच्या उताराला सागाची निष्पर्ण झाडं, मधे नागलीची (नाचणीची) मोकळी शेतं. अप्पांचं घर कौलारू, लांबट, शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात पंधरा-वीस माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन नंबर लावून बसलेली. अप्पा म्हणजे जटाबिटा वाढवलेला कोणी असेल असं मला वाटलेलं. निघाला साधा, साठीचा, हाफ शर्टातला माणूस, एखाद्या शाळेतल्या शिपायासारखा.

घरातली कर्ती बाई म्हणजे त्यांची लग्नाची बायको. तिला सगळे थोरली म्हणत. उंच, काळी, अप्पांपेक्षा वयानं मोठी दिसणारी. तिनं आम्हाला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा वाढला. मीनलनं विचारलं, "तुम्ही तिघी ना इथं? दोघीच दिसताय."

"मधलीचा भाचा आलता मुराळी. आखाजीला यंदा लवकरच घेऊन गेला," थोरली म्हणाली.

मीनल मुंबईची. तिला काही उमजलं नाही, म्हणून मी समजावलं. आमच्याकडं आखाजी (अक्षय्य तृतीया) हा सासुरवाशिणींचा सण. आमरस, सांजोऱ्या, झोके आणि गाणी. लेकीला माहेरी न्यायला जो भाऊ किंवा भाचा येतो, तो मुराळी. तो सासरच्या वडीलधाऱ्यांकडं लेक मागतो, चार दिवस ठेवून घेतो आणि परत पोचवतो. हे सगळं मी एखाद्या मास्तरासारखं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग थोरलीनं आत हाक मारली, "इंदू, ये बरं."

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेली. तिच्या पदराला छोटा माइक लावायचं काम माझं. मी वाकलो, तसा तिनं माझा चेहरा पाहिला. बाहेर कोणाला काही ऐकू गेलं नसेल, पण हेडफोनमधून माझ्या दोन्ही कानांत तिचा आवाज घुमला. "तू कव्हय उना?" (तू कधी आलास?) आणि लगेच, "माय कशी शे?" (आई कशी आहे?)

अकरा वर्षांत मला ताईची आठवण आली नाही असं नाही. पण आपण तिला किती मुकलो आहोत, हे मला त्या दोन वाक्यांत कळलं. मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. मीनलनं कॅमेरा बंद केला. सगळा प्रकार कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आधी सांगायचं नाही का हो?" आणि रुग्णांशी बोलायला निघून गेली.

मी डोळे पुसले आणि ताईला म्हटलं, "कपडे भर. गाडी उभी आहे. कायमची चल."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जशी लहानपणी मी पाढा चुकलो की पाहायची. "कायमची? कायमची तर मी इथं आलेय रे. चार दिवसांची न्यायला कोणी आलं नाही. थोरलीचा भाऊ दर आखाजीला येतो. मधलीचा भाचा येतो. त्यांच्या मुराळ्यांना मी सांजोऱ्या करून वाढते. अकरा आखाज्या मी त्या वळणाकडं बघत काढल्या. आणि तू आलास तो कॅमेरा घेऊन."

"अगं, पण हे काय सासर आहे का तुझं? लग्न ना काही! तीन-तीन बायका... आणि तो सुमनबाईचा नवरा?"

"तो गेला तेव्हा मी महिनाभर यांच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "माझ्या फिटच्या गोळ्या कळवणच्या डॉक्टरकडून येतात. थोरली रोज हातावर ठेवते. हे तुझ्या त्या सिनेमावाल्या बाईंना सांग. मी कॅमेऱ्यासमोर बोलते. लोकांना कळू दे, अप्पाच्या घरातली बाईसुद्धा गोळ्या घेते."

"मग राहतेस कशाला इथं?"

"फिट अजून येते कधी कधी. घरी आली की वडील दार लावून घ्यायचे, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. आठवतं? इथं कोणी दार लावत नाही."

दार लावायला कधी कधी मीच उठायचो.

ती खरंच कॅमेऱ्यासमोर बोलली, गोळ्यांचंसुद्धा. मग मीनलनं अप्पांना समोर बसवलं. तीन बायकांबद्दल विचारलं, तर म्हणाले, "लग्न थोरलीशी लागलं. बाकीच्या दोघी आल्या, मी जा म्हटलं नाय. तुम्हाला वाईट वाटत आसंल तर वाटू द्या." मग सुमनबाईचा प्रश्न आला. "मला वाटलं, माझ्याच पाण्यानं बरा हून राहिला," अप्पा हळूच म्हणाले. "माझा माझ्यावरच भरवसा बसला व्हता." माझा राग काही गेला नाही. अंगणातली बाटल्यांची रांग तशीच होती, आणि ते उठून पुन्हा त्या रांगेकडंच गेले.

मीनल सामान आवरायला लागली. माझा पाय निघेना. ताईला मागायचं म्हणजे हे घर तिचं सासर आहे, असं आपल्या तोंडानं कबूल करायचं. या माणसाच्या घराला सासर म्हणायचं! जीभ रेटत नव्हती. पण सकाळी दारात उभी राहिलेली आई डोळ्यांपुढून हलेना. शेवटी चुलीपाशी गेलो आणि थोरलीच्या पाया पडलो. "आखाजीला आमची लेक चार दिवस धाडा," मी म्हणालो.

थोरलीनं आधी फुंकणी खाली ठेवली. "अकरा वर्सं लागली व्हय वाट घावायला?"

"चुकलं आमचं."

"चुकलंच. पन आज नाय धाडायची. शूटिंगच्या गाडीत बसवून मी माझ्या घरची बाई धाडत नाय. आखाजीच्या आदल्या दिशी ये. एकला ये, एसटीनं ये. रीतीनं ये."

आई त्या संध्याकाळी दारातच होती. सुमोतून मी एकटाच उतरलेला पाहून तिचा चेहरा पडला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बाई शहाणी आहे. आपल्यापेक्षा शहाणी." आणि आठ दिवस आधीच सांजोऱ्यांसाठी गव्हाचा रवा काढायला बसली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी एसटीनं गेलो, थोरलीसाठी लुगडं आणि ताईसाठी साडी घेऊन. ताई नवीन साडी नेसून अंगणाच्या टोकाला उभी होती. केव्हापासून उभी होती, ते मी विचारलं नाही. येताना खिडकीपाशी बसून ती प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं वाचत होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पहिल्यांदा निघाल्या का नाशकाला?" ती म्हणाली, "नाही रे बाबा, माहेरी निघालेय."

मायलेकींची भेट मी लिहिणार नाही, मला ते जमायचं नाही. चार दिवस घरात आमरस होता, खापरावरचे मांडे होते. गॅलरीच्या लोखंडी तुळईला आईनं झोका बांधायला लावला आणि साठी उलटलेली ती बाई स्वतः त्यावर बसून आखाजीची गाणी म्हणाली. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता ताईला फिट आली. मी सवयीनं उठलो आणि दाराला हात घातला. आई कडाडली, "राहू दे उघडं!" जिन्यापलीकडची शेजारीण धावत आत आली, तिनं ताईला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, आणि पंधरा मिनिटांनी तिघी मिळून चहा प्यायल्या. आभाळ काही कोसळलं नाही.

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. आता ती रमली आहे, आईपण सुखात आहे, कशाला परत पाठवायचं? चौथ्या रात्री मी आईला तसं म्हणालोसुद्धा. तिला तेच हवं असणार, अशी माझी खात्री होती.

पाचव्या दिवशी सकाळी उठून बघतो, तर आईनं ताईची पिशवी भरून दारात ठेवलेली. सांजोऱ्या, कुरडया, थोरलीसाठी खण. ताईची ओटी भरताना आईचे डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हते. मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाली, "पोचवून ये तिला. आज नाही पोचवलीस, तर पुढच्या आखाजीला कुठल्या तोंडानं मागशील?"

मी पोचवून आलो. थोरलीनं ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला चहा दिला. अप्पा रुग्णांमध्ये होते, त्यांनी नुसती मान हलवली, मीही हलवली. माहितीपट पुढं पूर्ण झाला. त्यात सुमनबाई आहेत, ताईच्या गोळ्या आहेत, आणि त्यावरून गावात बराच गदारोळ झाला म्हणे. मी तो एकदाच पाहिला. मला आठवतो तो ताईला पोचवल्यानंतरचा परतीचा प्रवास. येताना एसटीत खिडकीपाशी मी बसलो, बाजूची जागा रिकामी. कळवणच्या स्टँडवर एक बाई टोपलं घेऊन चढली आणि तिनं विचारलं, "इथं कोणी हाय का भाऊ?"

तोंडात 'आहे' आलं होतं. मग सरकलो आणि म्हटलं, "नाही. बसा."