फायलींच्या कपाटातलं गुऱ्हाळ

२४ फेब्रुवारी १९९६, शनिवार. सकाळी सातला २४ अंश फॅरनहाइट, दुपारी ४३. ऊन. वारा नाही.

त्या सीझनची माझ्या वहीतली पहिली नोंद ही. पानावर पाच रकाने आखले होते: तारीख, तापमान, रस, सिरप, शेरा. पहिल्या चार रकान्यांत आकडे नीट बसले. शेऱ्याचा रकाना मात्र आठवड्याभरात समास ओलांडून मागच्या पानावर गेला. चुलीभोवती चार माणसं जमली की रस आटत जातो आणि किस्से साठत जातात!

आम्ही ओहायोत, डब्लिनला राहतो. कुंपणापलीकडे वॉल्टर. वय सत्तर, बोलणं मोजकं. रात्री पाणी गोठावं आणि दिवसा वितळावं, असं हवामान आलं की मेपलच्या खोडात ठोकलेल्या तोटीतून रस ठिबकतो. चाळीस गॅलन आटवावा तेव्हा एक गॅलन सिरप होतं. वॉल्टरकडे मेपल पुष्कळ. पण गुडघे दुखायला लागल्यापासून त्यानं हे काम सोडलं होतं. मी लायब्ररीतली पुस्तकं वाचून काढली आणि त्याच्याकडे आठ झाडं मागितली.

"घे," तो म्हणाला. "सीझन संपताना मला एक बाटली दे. आवडली तर पुढच्या वर्षीही झाडं तुझी. नाही आवडली तर तुझ्या तोट्या काढून ने."

मला काळजी नव्हती. माझ्याकडे थर्मामीटर होता!

* * *

ऑफिसनं भंगारात काढलेलं चार खणांचं लोखंडी फाइल कॅबिनेट मी घरी आणलं. मागच्या अंगणात पाठीवर झोपवलं, खण काढले, रंग जाळून घेतला, एका टोकाला धुराडं बसवलं. खणांच्या जागी बुफेतले स्टीलचे ट्रे ठेवले. झाली चूल तयार! काढलेल्या खणांत सरपण रचलं.

आमच्या ऑफिसातला शिरीष दर वीकेंडला मदतीला यायचा. कोल्हापूरचा, व्हिसावर आलेला, प्रोग्रॅमर. एकदा लाकूड उचलता उचलता त्याला खणावरची जुनी चिठ्ठी दिसली. 'पेंडिंग.'

"काका," तो म्हणाला, "माझ्या ग्रीन कार्डाची फाइल यातच होती वाटतं. मागच्या शनिवारी जाळलीत ना!"

* * *

रस उकळताना फेस वर येतो. थेंबभर लोणी टाकलं की बसतो. पहिल्या घाण्याला मी शिरीषला म्हटलं, "पळ, सुनंदाकडून जरासं लोणी आण."

सुनंदा, म्हणजे माझी बायको, फोनवर होती. शिरीषनं ओट्यावरची तुपाची वाटी उचलली आणि अर्धा चमचा ट्रेमध्ये सोडला. फेस छान बसला. मग वास आला.

वाटीत वरणासाठी केलेली हिंगाची फोडणी होती!

तरीही थोडं वॉल्टरला चाखायला दिलं. त्यानं बराच वेळ जिभेवर घोळवलं. "इंटरेस्टिंग," म्हणाला आणि पाणी मागितलं. मी वहीत 'नापास' लिहिलं.

सुनंदानं ते आमटीत वापरून संपवलं. "गूळ, तूप, हिंग एकाच बाटलीत! असंच करत जा की."

* * *

दुसऱ्या घाण्याला मी चूल बदलली. बाहेर आटवायचं आणि शेवटचं कढवणं घरात, गॅसवर, कारण तिथे आच हातात राहते. पुस्तकात वाफेबद्दल इशारा होता. मी तो वाचलाही होता.

तासाभरात स्वयंपाकघरातला वॉलपेपर छतापासून सुटून खाली यायला लागला. मी एक टोक धरलं, शिरीषनं दुसरं. दोघांचे चारही हात भिंतीला. तेवढ्यात पातेलं उतू जायला लागलं.

"काका, गॅस!"

"सोडू नकोस! फाटेल!"

सुनंदा दारात आली. "सिरप करताय की भिंत वाफवताय?"

वॉलपेपर वाचला.

* * *

मार्चच्या मध्याला शिरीषची आई आली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. माहेरी गुऱ्हाळ. तिला दुकानातली सिरपची बाटली दाखवली. तिनं बोट बुडवून चाखलं.

"ही काकवीच की वो भाऊ! मग अर्ध्यावरच का सोडली?"

"सिरप असंच असतं, आक्का. पाणी उकळतं त्याच्यावर सात अंश गेले की उतरवायचं."

"आणि भेंडीचं पाणी? मळी काढायला?"

"आम्ही लोकरीच्या फडक्यातून गाळतो."

आक्कानं शिरीषकडे असं पाहिलं, की पोरगं कुठल्या माणसांत येऊन पडलंय!

* * *

१७ मार्च, रविवार. शेवटचा घाणा. झाडांवर कळ्या फुगल्या होत्या. यापुढचा रस कडवट निघतो. हातात होता वीस गॅलन, म्हणजे अर्धा गॅलन सिरप. वॉल्टरला चारला बोलावलं होतं. वाया घालवायला आता काही उरलं नव्हतं.

तीन वाजता काटा सातच्या दीड अंश खाली होता. मी शिरीषच्या हातात थर्मामीटर दिला आणि बाटल्या उकळायला आत गेलो. तितक्यात शिरीषचा पेजर वाजला. ऑफिसात सर्व्हर बंद पडला होता. तो आमच्या फोनकडे धावला. जाताना म्हणाला, "आई, जरा लक्ष ठेव."

मी अर्ध्या तासानं बाटल्या घेऊन बाहेर आलो. आक्का लाकडी उलथन्यानं घोटत होती. गार पाण्याच्या वाटीत तिनं एक थेंब सोडला, दोन बोटांत धरून त्याची गोळी वळली आणि माझ्यासमोर धरली.

"आली बघा. तुम्ही कच्चंच उतरवनार व्हता!"

तोवर सुनंदाच्या सगळ्या वाट्यांना तूप लागलं होतं. आक्कानं सगळा पाक त्यांत ओतला. मी बाटल्या हातात धरून उभा राहिलो.

चारला वॉल्टर आला. रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत आक्कानं एक ढेप फोडून खडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तोंडात टाकला. चावला जाईना. तो चघळत राहिला. मग दुसरा खडा उचलला.

"घे की, लाजतोस काय!" आक्का म्हणाली. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं तिसरा घेतला.

मग खिशातून खडू काढून तो कुंपणापलीकडे आपल्या झाडांत गेला आणि एकेका खोडावर खूण करायला लागला. मी कुंपणाशी उभा राहून मोजत होतो.

१७ मार्च. दुपारी पाच. ४९ अंश, ढगाळ. रस वीस गॅलन. सिरप शून्य. गूळ पावणेचार पौंड. खडूची खूण केलेली झाडं चौदा.