लॅबबाहेरच्या चपला

भूतबीत मी मानत नाही, आधीच सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. निलंग्याजवळच्या खेड्यातून लातूरला आले ती डोळे उघडे ठेवून. तरी हे लिहितेय...

पहिलं वर्ष, सी प्रोग्रॅमिंगचा विषय. लॅब तिसऱ्या मजल्यावर, चपला बाहेर काढायच्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या चपला तिथून गेल्या — जुन्याच, डाव्या पट्ट्याला आईनं सेफ्टी पिन लावलेली. तेव्हापासून नव्या चपला मी पिशवीत घालून गुपचूप आत न्यायचे.

प्रॅक्टिकल परीक्षा दोन वाजता, समोरच्या इमारतीत. घरून वडिलांनी, आबांनी बजावलेलं, “एक बी विषय राहिला तर कॉलेज बंद.” एक प्रोग्रॅम सारखा चुकत होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या पार कोपऱ्यात एकटीच बसले. पावणेदोनला लाईट गेली. उठून दार ओढलं — बाहेरून कुलूप!

शिपाई शेषराव मामा कधी आत डोकावत नसत. बाहेर चपला नाहीत म्हणजे आत कोणी नाही, एवढाच त्यांचा हिशेब. एसीच्या घरघरीत मला कुलूप लागलेलं कळलंही नाही.

परीक्षेला चालत नाही म्हणून मोबाईल होस्टेलवर. खिडक्या एसीसाठी कायमच्या बंद. खाली समोरच्या इमारतीचा जनरेटर धडधडत होता, माझी हाक कुणाला ऐकू जाईना. दार बडवून हात सुजले. दोनला पाच कमी... मी खाली बसले. आता कॉलेज बंद.

आणि कुलूप वाजलं.

“पोरी! आत काय करायलीस?” मामा दारात. “डबा विसरला म्हून वर आलो, तर चपला दिसल्या. मघाशी तर न्हवत्या.”

“मामा, माझ्या चपला पिशवीत हायत.”

“मग ह्या काय माझ्या हायत? पळ आता!”

दाराशी जुन्या चपला. डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

त्याच पायात घातल्या आणि पळाले. प्रॅक्टिकल दिलं. पास झाले.

नंतर मामांना खोदून विचारलं. खाली जिन्याच्या जाळीच्या दारालाही त्यांनीच कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्याच कमरेला. “वर चिटपाखरू न्हवतं, बाई.” चोराला उपरती झाली म्हणावं, तर कुलूपबंद जाळीतून तो वर आला कसा?

आज मी नांदेडला पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवते. इफ-एल्सला मामांचंच उदाहरण — चपला असतील तर उघड, नसतील तर कुलूप लाव. दरवर्षी एखादी पोरगी विचारतेच, “मॅडम, पण त्या ठेवल्या कोणी?”

मी फळा पुसायला घेते.