सयाजी फौजींनी विणलेली शाल

सयाजी फौजींना विणकाम येतं ही गोष्ट पचवायला मढ गावाला वर्षभर लागलं. सैन्यातून मिशीवाला माणूस परत येतो तेव्हा त्याने देवळापुढे बसून तोफांच्या गोष्टी सांगाव्यात, अशी गावाची रास्त अपेक्षा असते. पण फौजी होते भांडारात. तोफ त्यांनी पाहिली तीही गावाने पाहिली तशीच, टीव्हीवर. एकदा पाय मोडून डोंगरातल्या लष्करी दवाखान्यात तीन महिने पडले, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पहाडी जवानाने त्यांच्या हातात दोन सुया नि लोकरीचा गुंडा दिला. पेन्शन सोडली तर नोकरीने त्यांना दिलेली तेवढी एकच गोष्ट कायम टिकली. पोरं आधी हसली. मग फौजींनी सरपंचांच्या नातवाला कानटोपी विणून दिली, आणि त्या दिवसापासून गाव त्या विणकामाला कला म्हणू लागलं.

कलेला सवड लागते. ती फौजींकडे उदंड होती, कारण सवड सोडून घरातलं बाकी सगळं बायकोकडे, अंजनाबाईंकडे, होतं. पहाटे गोठा झाडायचा, धार काढायची, सातच्या आत दूध डेअरीवर घालायचं, मग चूल, मग रान. फौजींकडे अंगणातली प्लास्टिकची खुर्ची होती. सकाळचं पहिलं ऊन जिथं पडतं तिथं ती खुर्ची असायची, आणि ऊन सरकेल तशी ती फौजींसकट सरकायची.

यंदा दिवाळीतच थंडी पडली. माळशेजकडून वारं असं यायचं की पाण्यात हात घालवत नव्हता. अंजनाबाईंचा उजवा खांदा धरला. ओतूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "बाई, खांद्याला थंडी लागू देऊ नका."

फौजींनी तो हुकूमच मानला. "मी हाय ना!" ते म्हणाले. "तुला अशी शाल विणतो, की थंडी दारातनं माघारी जाईल."

अंजनाबाईंना खरंच बरं वाटलं. निम्म्या गावाच्या बाळांची डोकी ह्या माणसाने झाकली होती, पण बायकोच्या वाट्याला अजून एक टाका आला नव्हता. "बिगीबिगी करा म्हंजे झालं," त्या म्हणाल्या.

बिगीबिगी! कलावंताला हा शब्द कळत नाही. फौजींनी पुण्याला लेकीला, वृषालीला, फोन लावला आणि शालीचे नमुने मागवले. तिने सेहेचाळीस फोटो पाठवले. ते बघण्यात कार्तिक गेला. जाळीची वीण दिसायला सुरेख, पण तिच्यातून वारं आत येणार. वेणीची वीण उबदार, पण लोकर फार खाते. फौजी चष्मा पुसत, मोबाईल लांब धरून, शत्रूच्या ठाण्याचा नकाशा बघावा तसे शाली बघत बसायचे. चहा द्यायला आलेल्या अंजनाबाई डाव्या हाताने कप पुढे करायच्या, कारण उजवा वर होत नव्हता. एकदा त्यांनी सुचवलं, "रंग तेवढा काळपट घ्या. मळ दिसणार न्हाई."

फौजींना तिची कीव आली. रंगाची नजर नसते एखाद्याला. जुन्नरच्या दुकानातली लोकर त्यांना सामान्य वाटली म्हणून ते एस्टी बदलत बदलत मंचरला गेले आणि संध्याकाळी मोरपंखी रंगाचे बारा गुंडे घेऊन आले. वाटेत भेळही खाल्ली. त्या दिवशी जनावरांचा चारा अंजनाबाईंनी एकटीनेच ओढून आणला, म्हणजे रोजच्यासारखाच.

हातभर विणून झाल्यावर कडा वळायला लागल्या. फौजींनी सगळं उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी वेणीची वीण धरली. मापासाठी अंजनाबाईंना उभं केलं.

"हलू नको."

"आवं, दूध उतू जातंय."

"जाऊ दे. माप चुकल्यावर कुणाला इचारायचं?"

दूध उतू गेलं, माप मात्र बरोबर आलं. संक्रांत गेली, तिळगूळ संपला, आणि एका रविवारी शाल पुरी झाली. फौजींनी शेजारच्या सावळेरामला साक्षीला बोलावलं, अंजनाबाईंच्या खांद्यावर दोन्ही हातांनी शाल घातली आणि वृषालीला पाठवायला फोटो काढायला लावला. शाल खरंच देखणी होती, खोटं कशाला बोला. अंजनाबाईंनी तिच्यात गाल घातला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लई ऊब हाय वो," त्या म्हणाल्या. फौजी मिशीवर हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आपली कला वापरात कशी दिसते ते बघायला ते सकाळीच गोठ्यात गेले. त्या हिवाळ्यात गोठ्यात जायची ही त्यांची पहिलीच वेळ. अंजनाबाई चंद्री गाईची धार काढत होत्या. शाल खांद्यावर राहीना म्हणून त्यांनी ती छातीवरून आडवी घेऊन पाठीमागे सुतळीने बांधली होती. एक टोक शेणात लोळत होतं. दुसरं वासरू चघळत होतं.

"अगं, अडीच म्हैने विणतोय मी! असली वापरतात का शाल?"

अंजनाबाईंची धार थांबली नाही. "मग कशी वापरतात?"

"खांद्यावरनं घ्यायची. नीट बसायचं…"

"हां. बसायचं." त्या म्हणाल्या, "शाल बसल्या माणसाची असती. मला बसल्याली कवा बघितली तुमी?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला काय लागतं? फौजी खुर्चीत येऊन बसले आणि आठवू लागले. लग्नात पाटावर बसली होती, ते एक. पण लग्नाला माणसंच फार होती, जेवायला वाढायला तीच उठली होती. एस्टीत? ओतूरला डॉक्टरांकडे जाताना जागा एकच मिळाली होती, त्या जागेवर कोण बसलं होतं हे त्यांना नको इतकं नीट आठवलं. चुलीपुढे बसते, पण ते बसणं नव्हे. ऊन सरकलं. फौजींनी खुर्ची सरकवली नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि सावलीत ती बरी लपत होती.

मंगळवारी पहाटे ते आधी उठले आणि बादली घेऊन गोठ्यात शिरले. चंद्रीने परका माणूस ओळखला. पहिल्या लाथेत बादली गेली, दुसरीत फौजी. ती पान्हा चोरून उभी राहिली, थेंब द्यायला तयार नाही. आवाज ऐकून अंजनाबाई दारात आल्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"तिला माजा वास लागतो," त्या म्हणाल्या, आणि शेणाने भरलेली, चघळलेली मोरपंखी शाल काढून त्यांनी फौजींच्या डोक्यावरून घातली. "आता बसा."

चंद्रीने शाल हुंगली. थोडा विचार केला. मग दूध सोडलं.

नेमका त्याच वेळी सावळेराम डेअरीला निघाला होता. डोक्यावरून शाल घेऊन गाईखाली बसलेले फौजी त्याने डोळे भरून पाहिले. "राव, ही शाल वहिनींसाठी व्हती ना?"

"गाईसाठी व्हती," फौजी म्हणाले. "मापाला तेवढी वहिनी उभी केली व्हती."

दूध डेअरीवर घालून फौजी परत आले तेव्हा अंजनाबाई अंगणातल्या खुर्चीत बसल्या होत्या. अगदी कडेला, बोलावलं की लगेच उठता यावं अशा. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते मांडीवर तसेच पडले होते. खांद्यावर साधा पदर होता आणि पदरावर ऊन. त्या कुडकुडत नव्हत्या. फौजी सरळ चुलीकडे गेले. त्यांनी चहा केला, साखर दोनदा घातली आणि कप त्यांच्या हातात दिला.

अंजनाबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं नाही.

"आवं," त्यांनी विचारलं, "उद्या पन जानार का गोठ्यात, का आजच्यापुरतं?"

शालीचा नमुना निवडायला ज्यांना महिना लागला होता, त्या फौजींनी लगेच बाहेर नळाखाली शालीचं शेणाने भरलेलं टोक तेवढं धुवायला घेतलं; अंजनाबाईंचा वास जायला नको होता. उद्या पहाटेपर्यंत शाल वाळायला हवी होती.