गणनेत सापडलेली बी.ए.

१९८१ च्या फेब्रुवारीत आमच्या गावाची जनगणना माझ्याकडे आली, तेव्हा तालुक्याला, सेलूच्या कचेरीत साहेबांसमोर मी फुशारकी मारून बसलो होतो. म्हटलं, आमच्या गावातून एक तरी पदवीधर शोधून आणतो! एकशे बारा घरं फिरलो. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर शिक्षणाचा रकाना. निरक्षर, दुसरी, चौथी, सातवी नापास, क्वचित कुठे मॅट्रिक. त्यापुढे कोणी जाईचना. डोकं तापलं माझं. वीस वर्षं या गावात मास्तरकी केली ती काय झक मारायला?

एकशे तेरावं घर महादेवरावांचं. कास्तकार चांगला, जीभ तिखट. खाटेवर बसून घरातल्या सगळ्यांची उत्तरं तेच देत होते. पद्धतच तशी होती. कर्त्या माणसानं सांगायचं, मी लिहायचं.

"पोरगा चंद्रभान, मॅट्रिक. सून कमला, तेबी मॅट्रिक."

कमलाबद्दल गावाला एवढंच ठाऊक होतं की कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. मी मुकाट्यानं मॅट्रिक लिहिलं आणि वैतागून ओरडलो, "महादेवराव, एवढ्या गावात एकबी पदवीधर नाई! सेलूले काय तोंड दाखवू मी?"

आत बांगड्या वाजल्या. मग दाराआडून आवाज आला, "गुरुजी, मॅट्रिक नका लिहू. बी.ए. लिहा."

माझा पेन जागच्या जागी थांबला. महादेवराव तर दाराकडे पाहतच राहिले. सून सासऱ्यासमोर बोलत नसे. पाणी असो की जेवण, निरोप यशोदाबाईंच्या म्हणजे सासूच्या तोंडून यायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सुनेचा आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते.

"कोण बी.ए.?"

"मी, मामाजी."

डोक्यावरचा पदर सावरत कमला उंबऱ्यापाशी आली. आता ती थांबायला तयार नव्हती; सगळं सांगून टाकलं. शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेला मावशीकडे राहून तिनं कॉलेज केलं होतं. निकाल लागला तो लग्न ठरल्यावर. नवरा मॅट्रिक, म्हणून वडिलांनी बजावलं, पोरी, मॅट्रिकच सांगजो, नाई तर सोयरीक मोडते. तेव्हापासून बाई किराण्याच्या पुड्यांचे कागद चुलीपाशी चोरून वाचत होती.

महादेवराव ताडकन उठले. "तुया बापानं फसवलं आमाले!"

कमलाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. असल्या एका शब्दावरून माहेरी धाडलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. मधे पडायला नको होतं, पण तोंड काही माझं ऐकेना. "महादेवराव, बी.ए. सांगून मॅट्रिक देली असती तर फसवलं म्हणा. इथं तर सांगतल्यापेक्षा जास्त देलं! असं मले कोणी फसवत नाई!"

तेवढ्यात चंद्रभान गोठ्यातून आला. मान खाली घालून म्हणाला, "मले ठाऊक व्हतं, बाबा. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सांगतलं तिनं. मीच नाई बोललो. भेलो."

"कोणाले भेला?"

"तुमाले."

महादेवराव मटकन खाटेवर बसले. मी ती संधी साधली, मॅट्रिकवर रेघ मारली आणि ठळक अक्षरांत बी.ए. लिहिलं. खोटं कशाला सांगू, आनंद मनात मावेना. एकशे तेरा घरांत एक! आणि ती आमच्या गावची सून! पळत जाऊन शाळेची घंटा बडवावी असं वाटत होतं.

पण चिठ्ठी पुरी करायची होती. पुढचा रकाना कामाचा. सवयीनं मी महादेवरावांनाच विचारलं, "काम काय लिहू? घरकाम?"

"मले काऊन इचारता?" ते खेकसले. "माह्या घरातलं मले काय ठाऊक हाये? तिलेच इचारा!"

कमला ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि खाटेवरच जरा पुढे सरकले.

"सांग बाई," ते म्हणाले, "जोरानं सांग. मले आयकू आलं पाह्यजे."