नौशादचा पडदा आणि आठाची दांडी

जुन्नरच्या नौशादच्या घरात काही फेकून देत नाहीत. वडील कल्हईवाले, काळंकुट्ट पातेलं दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. नौशाद बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, मोठा पडदा लावतो. गाडा किती सेकंदांत चढला ते पडद्यावर झळकतं आणि निवेदक ते माइकवरून पुकारतो.

त्याच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, जुन्या बाजारातलं. तापलं की त्याच्या मेमरीतली एक जागा बिघडायची आणि चित्रात हिरवे ठिपके उमटायचे. पडदा लावायला मी त्याच्याबरोबर असतो; म्हटलं, नवीन घे. तो हसला. कार्डाकडून काम करून घेणारा जो प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, त्यात त्यानं चार ओळी घातल्या: ती बिघडलेली जागा आधीच अडवून ठेवायची, म्हणजे तिथं चित्र जाणारच नाही.

"एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं," तो म्हणाला. "फक्त या सीटवर कुनी बसायचंच न्हाई."

दोन हंगाम एक ठिपका दिसला नाही. आमच्या नौशादसाहेबांची मान जरा जास्तच ताठ झाली.

पेठजवळच्या एका यात्रेत ती वाकली. भर दुपारी गेणभाऊंचा गाडा ११.२४ सेकंदांत चढून पहिला होता. शेवटचा गाडा राजुरीच्या दादाभाऊंचा. निशाण पडलं, गाडा चढला, पडद्यावर आकडा आला ११.२०. निवेदकानं 'घाटाचा राजा' पुकारला, दादाभाऊ गुलालात न्हाले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

नौशाद मात्र वेळ मोजणाऱ्या यंत्राकडे बघत होता. तिथं ११.२८ होते. थोड्या वेळापूर्वी जनरेटरनं आचका दिला, तेव्हा ड्रायव्हर मधेच थांबून पुन्हा सुरू झाला होता. जागा अडवायच्या ओळी यानं फक्त संगणक चालू होतानाच चालतील अशा लिहिलेल्या. जागा मोकळी झाली आणि आकड्यांचं चित्र नेमकं तिथं जाऊन बसलं. पडद्यावरचे इंग्रजी आकडे दांड्यादांड्यांचे. या वेळी ठिपक्यांऐवजी आठाची मधली दांडीच उडाली, आणि उरला शून्य.

"गप बस," मी म्हणालो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. हे कळलं तर कुठल्याच घाटात त्याचा पडदा लागला नसता, आणि त्याचं घर त्यावरच चालतं.

"गेणभाऊंनी वर्षभर बैलं सांभाळलीत, राव," एवढं बोलून तो उठला आणि माइक घेतला. "पडदा चुकला. चूक मशिनीची न्हाई, माझी हाय. दादाभाऊंचा टाइम ११.२८."

दादाभाऊ खांद्यावरून उतरले आणि नौशादकडे न बघता बैलांकडे गेले. गेणभाऊंची माणसं नाचायला लागली. नौशादला शाबासकी द्यायचं कुणाला सुचलं नाही. परतीच्या टेम्पोत मला त्याचा रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं ओळी सुधारल्या: ड्रायव्हर कितीदाही उठो, आधी जागा अडवायची. पण आता पडदा मागणारं कोण होतं? ठरलेली दोन घाटांची कामं हातची गेली. महिनाभर फोन वाजला नाही.

मग वाजला, तो दादाभाऊंचा.

"आमच्या यात्रेला पडदा तुजाच लावायचा."

"दादाभाऊ, माझ्यापायी तुमचा मान गेला."

"गेला. लई राग हाय अजून. पन हरलो ते तू चारचौघांत सांगितलंस. आता तुज्या पडद्यावर जिकलो, तर त्यावर कुनाला बोट ठेवता यायचं न्हाई."